प्रथिनांच्या घडीवर काम सुरू करणाऱ्यास

अमिनो आम्लांच्या क्रमातच प्रथिनाच्या घडीची माहिती असते, हे दाखवणाऱ्या अ‍ॅनफिन्सेन यांना 1972 साली नोबेल मिळाले. पण पेशीतील दाटीवाटीत ती घडी बिनचूक पडावी म्हणून चॅपेरॉन प्रथिनांची राखण लागते, हे आधी पक्के करावे.

घडी बिघडल्यावर पेशी काय करते हे पाहण्यासाठी तुम्ही ट्युनिकामायसिन हे रसायन वापरणार आहात. ते घडीला थेट हात लावत नाही. प्रथिनांवर शर्करा चढवण्याची पहिलीच पायरी ते थांबवते, आणि त्यामुळे आंतर्द्रव्यजालिकेत (पेशीतील ज्या जाळ्यात अनेक प्रथिनांची घडी पडते तिथे) अर्धवट घडीची प्रथिने साचतात. डीटीटी हे दुसरे रसायन मात्र घडी धरून ठेवणारे डायसल्फाइड बंधच तोडते, म्हणून दोन्हींचे निकाल एकाच मापाने मोजू नयेत. अर्धवट घडीच्या प्रथिनांचा साठा वाढला की आयआरई1, पर्क आणि एटीएफ6 ही तीन संवेदक प्रथिने जागी होतात. पर्क नवी प्रथिननिर्मिती मंदावते, उरलेले दोन चॅपेरॉनची जनुके चालवण्याची सोय करतात, आणि एवढे करूनही भार उतरला नाही तर पेशी स्वतःचा मृत्यू ओढवून घेते. रसायन दिल्यावर केवळ 24 तासांनंतरचा नमुना पाहिला तर पेशीची धडपड निसटते आणि बहुधा शेवटच हाती लागतो, म्हणून माझ्या मते 2, 4, 8 तासांचे नमुने घ्यावेतच.

आणखी एक, खास आपल्या मराठवाड्यासाठी: 42 अंश सेल्सिअस ही उष्णता-आघाताच्या (पेशी मुद्दाम तापवण्याच्या) प्रयोगाची नेहमीची पातळी आहे, आणि मे महिन्यात नांदेड-परभणीचा पारा तेथवर सहज चढतो. भारनियमनात तापलेल्या खोलीत राहिलेली नियंत्रण-पेशींची (रसायन न दिलेल्या पेशींची) बशी तुलनेसाठी वापरू नका. तिच्यात एचएसपी70 हे उष्णतेने वाढणारे चॅपेरॉन आधीच वाढलेले असू शकते.