‘कंट्रोलर’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात कंट्रोलर आणि ट्रेझरर ही दोन पदे लोक थेट मतदानाने भरतात. मराठी बातमीत पहिल्याला ‘महालेखापरीक्षक’ आणि दुसऱ्याला ‘अर्थमंत्री’ म्हटलेले आढळले. हे बरोबर आहे का? नसेल, तर योग्य शब्द कोणते?

दोन्ही शब्द चुकलेले आहेत. अर्थमंत्र्याची चूक चटकन लक्षात येते. आपला अर्थमंत्री अर्थसंकल्प मांडतो. इलिनॉयात अर्थसंकल्प गव्हर्नर मांडतो आणि करवसुली महसूल खाते करते. ट्रेझररकडे येतो तो जमा झालेला पैसा: तो सांभाळायचा, गुंतवायचा आणि हुकूम आला की द्यायचा. त्यासाठी मराठीत ‘खजिनदार’ हा शब्द तयार आहे. मंडळाच्या आणि सोसायटीच्या खजिनदारामुळे तो हलका वाटतो, अशी तक्रार असते. पण काम तेच आहे, रक्कम तेवढी मोठी. मात्र अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांनाही खजिनदार असतात, म्हणून ‘इलिनॉयच्या खजिनदारपदाची निवडणूक’ असा मथळा देऊ नये. ‘इलिनॉय राज्याच्या खजिनदारपदाची’ असे लिहिले की घोटाळा टळतो.

‘कोषागार अधिकारी’ हा पर्यायही सुचवला जातो, कारण ट्रेझरीला आपण कोषागार म्हणतो. अक्षरशः पाहिले तर तो जुळतो, कामाने जुळत नाही. महाराष्ट्रात कोषागार अधिकारी देयके तपासतो, पारित करतो आणि प्रदानाचा आदेश देतो. प्रत्यक्ष रक्कम बँकेतून जाते. मुंबईत हेच काम अधिदान व लेखा कार्यालय करते. म्हणजे आपला कोषागार अधिकारी इलिनॉयच्या ट्रेझररपेक्षा कंट्रोलरच्या जास्त जवळचा आहे! शिवाय ‘अधिकारी’ म्हटले की मराठी कानाला नेमणूक ऐकू येते, मतपेटी नाही.

आता कंट्रोलर. इलिनॉयच्या १९७० च्या राज्यघटनेत या दोघांची कामे शेजारशेजारच्या कलमांत दिली आहेत. कंट्रोलरने राज्याचे मध्यवर्ती हिशेब ठेवायचे आणि खजिनदाराकडच्या निधीत पैसे जमा करण्याचे व त्यातून देण्याचे हुकूम काढायचे. खजिनदाराने पैसा सांभाळायचा, गुंतवायचा आणि कंट्रोलरच्या हुकमावरच द्यायचा. हुकूम काढणाऱ्याच्या हाती पैसा नाही आणि पैसा ज्याच्या हाती त्याला हुकूम काढता येत नाही. या विभागणीमागे १९५६ चे प्रकरण आहे. तेव्हा राज्यात ‘ऑडिटर’ नावाचेच निवडून दिलेले पद होते आणि पैसे देण्याचे हुकूमही त्याच्याच कचेरीतून निघत. त्या पदावरच्या ऑरव्हिल हॉज यांनी खोटे हुकूम वटवून दहा लाखांहून जास्त डॉलर लाटले. नव्या घटनेने ते पद रद्द करून कंट्रोलर आणला, आणि लेखापरीक्षणासाठी ‘ऑडिटर जनरल’ हे वेगळे पद ठेवले. तो विधिमंडळ निवडते, दहा वर्षांसाठी. म्हणून कंट्रोलरला ‘महालेखापरीक्षक’ म्हणणे ही नुसती ढिलाई नाही. राज्यात महालेखापरीक्षक दुसराच कोणी असताना आपण त्याचे नाव याला देतो, आणि घटनेने मुद्दाम वेगळ्या केलेल्या दोन खुर्च्या पुन्हा एक करतो.

ही चूक होते ती आपल्या ‘नियंत्रक व महालेखापरीक्षक’ या जोडनावामुळे. त्यातला पहिला शब्द कंट्रोलरसाठी आहे आणि दुसरा ऑडिटर जनरलसाठी. भारतात ते दोन्ही एकाच व्यक्तीचे पदनाम आहे आणि घटनेच्या १४८ व्या कलमाप्रमाणे तिची नेमणूक राष्ट्रपती करतात. नुसते ‘नियंत्रक’ म्हणावे, तर कसला नियंत्रक हे कळत नाही. वाचकाला परीक्षा नियंत्रक आठवतो. म्हणून ‘लेखानियंत्रक’ हा शब्द घ्यावा. तो नव्याने घडवावा लागत नाही. केंद्र सरकारात ‘महालेखा नियंत्रक’ हे पद आहेच.

मुळात या शब्दाचा नियंत्रणाशी संबंध नंतर आला. जुन्या फ्रेंचमध्ये हिशेबाच्या गुंडाळीची दुसरी प्रत ठेवत, पहिलीशी ताडून पाहण्यासाठी. त्या प्रति-गुंडाळीच्या नावावरून ‘कंट्रोल’ निघाला. पुढे कोणाला वाटले की हा शब्द ‘हिशेब’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला असावा, आणि त्या गैरसमजातून इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘म’ आणि ‘प’ची अक्षरे शिरली (comptroller). परंपरेने त्या ‘प’चा उच्चार होत नाही. कॅलिफोर्नियात याच पदाचे साधे स्पेलिंग (controller) चालते. देवनागरीत हा प्रश्नच उरत नाही: ‘कॉम्प्ट्रोलर’ न लिहिता दोन्हीकडे ‘कंट्रोलर’ लिहावे.

आपला ‘फडणीस’ही असाच घडला आहे, हे मला फार मोलाचे वाटते. फर्द म्हणजे हिशेबाचा कागद, यादी. तो लिहिणारा फर्दनवीस. एकीकडे गुंडाळी, दुसरीकडे फर्द, आणि दोन्ही पदांचा अधिकार त्या कागदातून आलेला. खजिना सांभाळणारा पोतनीस वेगळा असे. आज बातमीत फडणीस लिहिता येणार नाही, लोक आडनाव समजतील. पण हिशेबाचा माणूस आणि पैशाचा माणूस वेगळा ठेवायची समज मराठी दफ्तराला परकी नव्हती, एवढे त्यातून दिसते.

याच विषयात भाषांतरकाराला हमखास फसवणारा आणखी एक शब्द म्हणजे ‘वॉरंट’. कंट्रोलर वॉरंट काढतो म्हणजे कोणाला अटक करवत नाही. खजिन्यावर पैसे देण्याचा हुकूम काढतो. जुन्या मराठीत त्याला नेमका शब्द होता: वरात. लग्नाची वरात वेगळी; ही अरबी ‘बरात’वरून आलेली. आज ‘प्रदान आदेश’ लिहावे. २००९ च्या जुलैत कॅलिफोर्नियाची रोकड संपत आली, तेव्हा कंट्रोलर जॉन चियांग यांनी ‘नोंदणीकृत वॉरंट’ काढली. ती पुढे सव्याज वटणारी वचनपत्रे होती, एकूण सुमारे २ अब्ज ६० कोटी डॉलरची. तिथे ‘वॉरंट बजावली’ असे लिहिले तर वाक्याचा अर्थच पालटतो.

निवडणुकीच्या क्रियापदांतही मराठीची एक सोय वापरावी. लोक मत देतात ती निवडणूक. सभागृह ठरवते ती निवड. मेरीलँडमध्ये कंट्रोलरची निवडणूक होते, खजिनदाराची विधिमंडळाकडून निवड होते. न्यूयॉर्कचे कंट्रोलर ॲलन हेवेसी यांनी २००६ च्या डिसेंबरात राजीनामा दिल्यावर फेब्रुवारी २००७ मध्ये विधिमंडळाने थॉमस डिनॅपोली यांची निवड केली. लोकांसमोरची निवडणूक त्यांनी २०१० मध्ये जिंकली. मुदतीच्या मध्येच पद रिकामे होऊन मतदान झाले, तर ‘विशेष निवडणूक’ कशाला, ‘पोटनिवडणूक’ आहेच. इलिनॉयात ज्यूडी बार टोपिंका यांचे डिसेंबर २०१४ मध्ये निधन झाले, लेस्ली मंगर यांची नेमणूक झाली, आणि २०१६ च्या पोटनिवडणुकीत सुझाना मेंडोझा लेखानियंत्रक म्हणून निवडून आल्या. ‘लेखानियंत्रक’ आणि ‘खजिनदार’ दोन्ही लिंगी चालतात. क्रियापद बदलले की पुरे.

एक अडचण मात्र शब्दाने सुटत नाही. पदाचे नाव तेच असले तरी राज्यागणिक काम बदलते. टेक्ससने १९९६ मध्ये खजिनदाराचे पदच बंद केले. तिथला कंट्रोलर कर गोळा करतो, खजिना सांभाळतो आणि खर्चाचे विधेयक महसुलात बसते की नाही याचा दाखलाही देतो. न्यूयॉर्कचा कंट्रोलर लेखापरीक्षणही करतो आणि राज्याच्या निवृत्तिवेतन निधीचा एकमेव विश्वस्त असतो. फ्लोरिडाने दोन्ही पदे एक करून २००३ पासून ‘मुख्य वित्त अधिकारी’ हे निवडणुकीचे पद केले. तेव्हा पहिल्या उल्लेखात कामाचे चार शब्द जोडावेत: ‘राज्याची देयके मंजूर करणारे लेखानियंत्रक’ इलिनॉयसाठी, ‘करवसुली आणि खजिना दोन्ही पाहणारे लेखानियंत्रक’ टेक्ससाठी. पुढे नुसते ‘लेखानियंत्रक’ चालेल.