“माझं गणित कच्चं आहे, संख्यात्मक मानसशास्त्रात पीएचडी झेपेल का?”

मानसशास्त्रात एम.ए. झालेली मुलंमुली हा प्रश्न जवळजवळ याच शब्दांत विचारतात. संख्यात्मक मानसशास्त्र म्हणजे मानसशास्त्रातल्या मोजमापाच्या आणि संख्याशास्त्रीय पद्धतींचा अभ्यास. त्या अनेकांचं बोलणं इथे एकीच्या तोंडी घातलं आहे.

“कच्चं म्हणजे नेमकं कुठे अडतं?”

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “मॅट्रिक्सचा व्यस्त काढताना.”

एवढं दोनेक आठवड्यांत शिकता येतं. पण तिला ते पटवत बसले नाही. मनातला विचार हा एक अंदाज असतो आणि तो करूनच तपासावा, असं मी मानते. तिला काम दिलं: आर या मोफत संगणकभाषेत दोन गट एकाच प्रसामान्य (घंटेच्या आकाराच्या) वितरणातून घ्यायचे, म्हणजे खरा फरक शून्य. गटामागे 20 जण झाले की टी-चाचणी, म्हणजे दोन सरासरींतला फरक तपासणारी चाचणी; मग 40, 60, 80, 100 वर पुन्हा. पाचांत एकदा जरी पी-मूल्य (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) 0.05 च्या खाली गेलं, तरी ‘फरक सापडला’ अशी नोंद. हे सगळं अनेक फेऱ्यांत पुन्हा करायचं, आणि किती टक्के फेऱ्यांत अशी नोंद होईल याचा आधी अंदाज लिहायचा. तिने लिहिलं, 5 टक्के.

पुढच्या वेळी चेहरा पडलेला. “100 फेऱ्या केल्या. एकदा 9 टक्के, एकदा 17. मॅडम, मला जमतच नाही.”

“10,000 करा.”

उत्तर 14 च्या आसपास आलं आणि तिथेच राहिलं. मध्ये मध्ये डोकावलं की खोटा फरक सापडण्याचा धोका जवळजवळ तिप्पट होतो, हे तिने स्वतः मोजलं. कारणही तिनेच सांगितलं: 100 फेऱ्यांत प्रमाण त्रुटी, म्हणजे उत्तर योगायोगाने साधारण किती इकडेतिकडे होतं ते, साडेतीन टक्क्यांची; 10,000 मध्ये तिचा दहावा हिस्सा.

“आणि ‘गणित कच्चं’ हा निष्कर्ष किती निरीक्षणांवर काढलात?”

“एका. बारावीच्या पेपरवर.” स्वतःशीच हसली. त्या तासाभरात गणिताच्या भीतीचा विषय तिने पुन्हा काढला नाही. पद्धत कुठे फसते, हे विचारण्यात ती गुंतली होती, आणि या क्षेत्रातलं रोजचं काम तेच. तो तास मला फार मोलाचा वाटतो.

तयारी करणाऱ्यांनी आधी मॅट्रिक्स, मग संभाव्यता, मग रिग्रेशन घ्यावं. प्रत्येक संकल्पनेचं छोटं सिम्युलेशन, म्हणजे संगणकाने तयार केलेल्या आकड्यांवरचा असाच प्रयोग, करावं, आणि सुरुवात उत्तर माहीत असलेल्या प्रसंगापासून: एकदाच चाचणी केली तर पुरेशा फेऱ्यांनंतर 5 टक्क्यांच्या आसपासच यायला हवेत, नाहीतर कोडमध्ये चूक आहे. वयाची धास्ती असेल त्यांच्यासाठी: घटक विश्लेषणाचा (अनेक मोजमापांमागचे थोडे समान घटक शोधण्याच्या पद्धतीचा) पाया घालणारे चार्ल्स स्पिअरमन लष्करातून इकडे आले आणि त्यांना पीएचडी मिळाली 1906 मध्ये, चाळिशी उलटल्यावर.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या एखाद्या लेखातलं सिम्युलेशन स्वतः करून बघा. आकडे जुळले नाहीत, तर तोच प्रश्न घेऊन त्यांना भेटा.