वाचकांचे प्रश्न : गावातल्या तारा जमिनीखाली नेताना

प्रश्न : आमच्या गावात इंटरनेटच्या तारा विजेच्या खांबांवरून लोंबतात. वानरं त्यांना लटकतात, वादळात तारा तुटतात. ग्रामपंचायतीनं सगळं जमिनीखाली न्यायचं आणि फायबर घ्यायचं ठरवलंय. माती काळी, चिकण. काय काळजी घ्यावी?
– ग्रामपंचायत सदस्य, ता. दर्यापूर

उत्तर : आधी हंगाम ठरवा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात तडकते. ओल्या मातीत खोदलेल्या चरीच्या कडा ढासळतात, तळाशी पाणी साचतं. दिवाळीनंतर जमीन सुकली की काम सुरू करा, मृगाआधी चरी बुजवून मोकळे व्हा.

मोकळ्या रस्त्याच्या कडेनं 165 सेंमी, म्हणजे साधारण साडेपाच फूट खोली हे प्रचलित माप आहे. गल्लीत किंवा खडक लागल्यावर तेवढं जमत नाही. तिथं केबलची नळी जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) किंवा आरसीसी (सळईच्या काँक्रीटच्या) पाइपातून न्या, वर काँक्रीट टाका. नळी 40 मिमी बाहेरील व्यासाची एचडीपीई (टणक प्लास्टिकची) घ्या. तळ सपाट करून मऊ माती किंवा वाळू अंथरा. नळीच्या वर फूट-दीड फुटावर इशारापट्टी टाका, म्हणजे जेसीबीवाल्याला आधी पट्टी दिसेल. चर जमिनीच्या थोडी वर उंचवटा ठेवून भरा, कारण पहिल्याच पावसात भराव बसतो.

सर्वांत जास्त हलगर्जीपणा नळीच्या जोडांत होतो. कपलर (दोन नळ्या जोडणारा तुकडा) सैल राहिला की माती आकसताना जोड सुटतो, आत गाळ जातो आणि नंतर केबल पुढं सरकत नाही. म्हणून केबल ओढण्याआधी नळीत हवेचा दाब भरून गळती तपासा आणि उघडी तोंडं प्लगनं बंद करा. नाहीतर उंदीर शिरतात. प्रत्येक जोडपेटीत (केबलचे जोड ठेवायची पेटी) 10-15 मीटर केबल गुंडाळून राखीव ठेवा. एकदा तुटल्यावर पुन्हा जोडायला तीच कामी येते.

दोन गोष्टींत कंजुषी करू नका. एक, मुख्य मार्गावर एक नळी रिकामी ठेवा. दुसरी, सिमेंट रस्ता होणार असेल तर आधीच आडवा पाइप टाकून घ्या. नवा रस्ता फोडणं गावाला फार महाग पडतं.

परवानगी रस्त्याच्या मालकाकडून घ्यावी लागते. गावरस्ता ग्रामपंचायतीचा, पण जिल्हा परिषदेचे रस्ते आणि महामार्ग वेगळे. 2023 मध्ये सुरू झालेल्या ‘कॉल बिफोर यू डिग’ अ‍ॅपवर खोदाईआधी नोंद करा. पाणीपुरवठ्याची वाहिनी शक्यतो रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं न्या. गळती शोधताना फायबर हमखास तुटते. जोडांच्या जागा खुणेच्या दगडांसह नकाशावर मांडा आणि एक प्रत ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) ठेवा.

प्रश्न : फायबर घरात आली, पण वेग कमी आणि मॉडेमवर लाल दिवा लागतो.
– वाचक, ता. आर्णी

उत्तर : ‘एलओएस’चा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा म्हणजे तंतूतून येणारा प्रकाश पोचत नाही किंवा फारच क्षीण पोचतो. तंत्रज्ञाला पॉवर मीटरवर तो मोजायला सांगा. −27 डीबीएमच्या (प्रकाशाच्या ताकदीचं माप) खाली आकडा गेला तर जोडणी टिकत नाही. −25 पेक्षा चांगला, म्हणजे शून्याच्या जवळचा असावा. 1:4 आणि 1:8 असे दोन स्प्लिटर (एका तंतूतला प्रकाश अनेक घरांत वाटणारे भाग) मिळून सुमारे 17 ते 18 डीबी (प्रकाशातली घट) खातात, 5 किमी फायबर 2 डीबीच्या आतच. म्हणजे लांबीला दोष देऊ नका. बहुतेकदा कारण घरातच सापडतं: खिळ्याभोवती करकचून वळवलेली वायर, धुळीनं माखलेलं टोक, किंवा हिरव्या कनेक्टरला जोडलेला निळा कनेक्टर. निळ्या-हिरव्याची जोडी कधीच करू नका, दोघांची टोकं वेगळ्या कोनात घासलेली असतात.

प्रश्न : पूर्वी लाइट गेली तरी फोन चालायचा. आता का नाही?
– वाचक, ता. मूल

उत्तर : तांब्याच्या तारेतून टेलिफोन एक्स्चेंजच वीज पुरवायचं, काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही. मॉडेमसाठी 12 व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या, मात्र अ‍ॅडॉप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवूनच. त्याआधी घरोघरी सिग्नल पाठवणाऱ्या, ग्रामपंचायतीत बसवलेल्या यंत्राची बॅटरी किती वेळ टिकते ते विचारा. तीच संपली तर घरच्या यूपीएसचा उपयोग नाही.