हवाईच्या बिग आयलंडवर मुलांसह कमी खर्चात तंबूत राहून सहल कशी आखावी?

तुमचा प्रश्न असा आहे की, सॅन होजेहून तुम्ही दोघे आणि सात व दहा वर्षांची दोन मुले जूनच्या सुट्टीत आठवडाभर हवाईला जाऊ इच्छिता, हॉटेलचे दर आवाक्याबाहेर आहेत, तेव्हा तंबूत राहून ही सहल जमेल का, त्यासाठी कोणते बेट निवडावे आणि मुलांच्या दृष्टीने ते कितपत सुरक्षित आहे. आम्ही मुले लहान असल्यापासून अशाच पद्धतीने तिथे जात आलो आहोत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सहल नक्की जमेल. मात्र तंबूमुळे केवळ राहण्याचा खर्च उतरतो. विमान, भाड्याची गाडी आणि जेवण हे तीन मोठे खर्च जागच्या जागीच राहतात, आणि हॉटेलचे वाचलेले पैसे बेटे बदलण्यात, रोज तंबू उठवून नवीन जागी नेण्यात किंवा बाहेरच्या जेवणात केव्हा संपले हे कळतही नाही. म्हणून माझा सल्ला असा की बेट एकच निवडावे, तंबूचे मुक्काम दोनच ठेवावेत आणि स्वयंपाक स्वतः करावा. चार माणसांनी एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायचे म्हटले की चार तिकिटे, सामानाचे वेगळे पैसे आणि पुन्हा नवी गाडी, एवढा भुर्दंड पडतो आणि त्यात एक दिवस जातो तो निराळाच.

बेट म्हणून मी हवाई बेट, म्हणजे ज्याला सगळे बिग आयलंड म्हणतात, तेच सुचवीन. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १०,४०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे ते आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहूनही मोठे आहे, आणि शांत समुद्रकिनारा, घनदाट जंगल व जागृत ज्वालामुखी हे तिन्ही एकाच गाडीच्या भाड्यात पाहता येतात. बे एरियातून, म्हणजे सॅन होजेच्या परिसरातून, बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कोनाला थेट विमाने आहेत आणि प्रवास साधारण पाच-साडेपाच तासांचा आहे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, ती म्हणजे पाऊस. या बेटावर वारे बहुतेक काळ ईशान्येकडून येतात आणि मौना केआ व मौना लोआ हे दोन प्रचंड पर्वत त्यांची वाट अडवतात, त्यामुळे पूर्वेकडच्या हिलो शहरात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पश्चिमेकडच्या कवाइहाए बंदराच्या परिसरात तो जेमतेम २५० मिलिमीटर असतो. महाबळेश्वर आणि माण तालुका यांच्यात जो फरक आहे, तोच येथे दीड-दोन तासांच्या रस्त्यावर अनुभवास येतो. छायाचित्रांमध्ये हिरवीगार दिसणारी पूर्व बाजू पाहून अनेक जण तिथेच तंबूची जागा घेतात आणि ओल्या पांघरुणात रात्र काढतात. मुले बरोबर असताना मुख्य मुक्काम कोरड्या बाजूलाच असला पाहिजे, याबाबत माझे मत अगदी ठाम आहे.

त्या बाजूला कवाइहाएजवळचे स्पेन्सर बीच पार्क हे कुटुंबांसाठी सर्वांत सोयीचे ठिकाण आहे. कोना विमानतळापासून ते साधारण पाऊण तासाच्या अंतरावर आहे, तेथे स्वच्छतागृहे, आंघोळीसाठी थंड पाण्याचे फवारे, पिण्याचे पाणी आणि मोठे छप्पर असलेली जागा आहे, आणि प्रवाळामुळे लाटांचा जोर मोडत असल्याने पाणी बहुधा शांत असते. शेजारीच पुउकोहोला हेइआउ हे कामेहामेहा राजाने १७९०-९१ मध्ये बांधवून घेतलेले दगडी मंदिर आहे. ते पाहायला काही पैसे पडत नाहीत, पण ते आजही पवित्र मानले जाते, म्हणून मुलांना त्याच्या भिंतींवर चढू देऊ नये आणि तिथला दगड उचलू देऊ नये. याउलट थोड्याच अंतरावरच्या प्रसिद्ध हापुना किनाऱ्यावर बाहेरच्या पाहुण्यांना गाडी लावण्याचे १० डॉलर आणि माणशी ५ डॉलर भरावे लागतात, म्हणजे चौघांचे एका दिवसाचे ३० डॉलर होतात. हापुना सुंदर आहे, एक दिवस अवश्य जावे. रोज जाण्याचे कारण नाही.

परवान्यांचा हिशेब नीट समजून घ्यावा, कारण येथे तीन वेगवेगळ्या यंत्रणा आहेत. स्पेन्सर हे काउंटीचे, म्हणजे बेटाच्या स्थानिक प्रशासनाचे ठिकाण असून तेथे शुल्क प्रत्येक माणसामागे घेतले जाते आणि बाहेरच्यांसाठी ते स्थानिकांपेक्षा बरेच जास्त असते. राज्याच्या उद्यानांत मात्र शुल्क जागेमागे असते. बाहेरच्यांना एका जागेचे एका रात्रीला ३० डॉलर पडतात आणि त्यात दहा जणांपर्यंत राहता येते. त्यामुळे दुसरे एखादे कुटुंब बरोबर येणार असेल, तर राज्याचे उद्यान फारच स्वस्त पडते. होनोकाआजवळचे कालोपा हे तसे ठिकाण आहे, पण ते सुमारे ६०० मीटर उंचीवर पावसाळी जंगलात आहे हे लक्षात ठेवावे. तिसरे म्हणजे हवाई व्होल्कॅनोज राष्ट्रीय उद्यान. त्याचे प्रवेशशुल्क एका गाडीला सात दिवसांसाठी ३० डॉलर आहे. तुमचे थोरले अपत्य यंदा चौथीत असेल, तर चौथीच्या मुलांसाठी असलेल्या मोफत पासावर गाडीतील सारे कुटुंब विनाशुल्क आत जाऊ शकते, आणि तो पास ३१ ऑगस्टपर्यंत चालतो. जूनमध्ये जात आहात म्हणून हे मुद्दाम लिहिले.

परवाना न घेता किनाऱ्यावर तंबू टाकणे बेकायदेशीर आहे, आणि गाडीतच झोपून पैसे वाचवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा या वेळेत सार्वजनिक रस्त्यावर गाडीचा राहण्यासाठी वापर करण्यास हवाईच्या कायद्याने मनाई आहे.

पहिल्या चार रात्री स्पेन्सरला राहावे, त्याही शक्यतो सोमवार ते गुरुवार, कारण शुक्रवार-शनिवारी स्थानिक कुटुंबे मोठ्या संख्येने येतात, ती जागा आधी त्यांची आहे आणि गजबजही असते. त्यानंतरच्या दोन रात्री ज्वालामुखीच्या बाजूला काढाव्यात, कारण स्पेन्सरहून राष्ट्रीय उद्यान एका बाजूने दोन तासांहून अधिक लांब आहे आणि एका दिवसात जाऊन येण्यात मुले दमून जातात. उद्यानातील नामाकानिपाइओ हे ठिकाण सुमारे १,२०० मीटर उंचीवर निलगिरीच्या उंच झाडांखाली आहे. जूनमध्येही तेथे रात्री चांगलीच थंडी पडते, म्हणून प्रत्येकाचा एक स्वेटर, कानटोपी आणि पायमोजे यांची जागा सामानात आधीच ठेवावी. कुलानाओकुआइकी हे दुसरे ठिकाण त्याहून साधे आणि स्वस्त आहे, पण तेथे पाणी मिळत नाही. सगळे पाणी बरोबर न्यावे लागते. उद्यानात किलाउएआ इकी ही पायवाट मुलांना आवर्जून करवावी. १९५९ च्या उद्रेकात लाव्हाचे जे तळे साचले होते, त्याच्याच गोठलेल्या पृष्ठभागावरून ती जाते, आणि भेगांमधून वाफा निघत असताना मुले त्यावर हात धरून ऊब घेतात, तेव्हा भूगोलाचे पुस्तक त्यांच्यासाठी कायमचे बदलते. घरात कोणाला दमा असेल, तर ज्वालामुखीतून येणाऱ्या गंधकाच्या धुराचा त्या दिवसाचा अंदाज पाहूनच आत जावे.

सातवी, म्हणजे शेवटची रात्र कोनाजवळ साध्याशा खोलीत काढावी. ही चैन नाही. तंबू वाळवायचा, वाळू झटकायची, कपडे धुवायचे आणि सामानाचे वजन करायचे, तर डोक्यावर छप्पर आणि गरम पाणी लागतेच.

सामानाबाबत दोन गोष्टी तिथे गेल्याशिवाय सहसा कळत नाहीत. स्पेन्सरच्या परिसरात किआवे नावाची झाडे आहेत. आपल्याकडच्या वेड्या बाभळीच्याच कुळातली. त्यांचे काटे दोन-दोन बोटे लांब असतात, वाळलेल्या पाल्यात दिसत नाहीत आणि रबरी चपलेच्या तळातून सरळ पायात शिरतात. म्हणून हवा भरायच्या गाद्या न नेता जाड फोमच्या पट्ट्या न्याव्यात, तंबू उभारण्याआधी सगळ्यांनी मिळून जमीन हाताने व झाडूने साफ करावी, आणि तळाशी एक जाड ताडपत्री घालावी. मुलांनी तंबूबाहेर बुटाशिवाय पाऊल टाकायचे नाही, हा नियम पहिल्याच संध्याकाळी घालून द्यावा. दुसरी गोष्ट अशी की लाव्हाच्या खडकाळ जमिनीत तंबूच्या खुंट्या जात नाहीत, म्हणून प्रत्येक कोपऱ्यासाठी दोन-अडीच मीटर दोरी जास्तीची ठेवावी. दोरी आडव्या लाकडाला बांधून त्यावर दगड रचले की दुपारनंतरच्या जोरदार वाऱ्यातही तंबू हलत नाही. तंबू, झोपण्याच्या पिशव्या वगैरे विकत घेण्याआधी ओळखीच्या मराठी कुटुंबांकडे चौकशी करावी, बे एरियात अशा वस्तू अनेकांच्या गॅरेजमध्ये पडून असतात.

गॅसचा डबा विमानात नेता येत नाही, ना हातातल्या सामानात ना खालच्या. शेगडी तेवढी स्वच्छ करून न्यावी आणि छोटे प्रोपेनचे डबे कोना किंवा हिलोच्या वॉलमार्टमध्ये घ्यावेत. कोनात कॉस्टकोही आहे. विमानतळावरून निघाल्यावर तांदूळ, अंडी, दूध, पाणी ही पहिली खरेदी तिथेच करावी, कारण किनाऱ्याजवळच्या दुकानांत हेच सामान बरेच महाग पडते. घरून पोहे, भाजलेला रवा, मेतकूट, मुगाची डाळ आणि थालीपिठाची भाजणी न्यावी. एका शेगडीवर, वाऱ्याला आडोसा करून लावलेले थालीपीठ आणि त्यावर लोणी, एवढ्यावर आमच्या घरातल्या मुलांची समुद्रातून बाहेर आल्यानंतरची भूक भागते. ताजी फळे, पालेभाज्या आणि विशेषतः कढीपत्ता नेऊ नये. हवाईत उतरताना शेतमालाची माहिती लेखी द्यावी लागते आणि तपासणी होते. फळांची उणीव मुळीच भासत नाही. हिलोचा बाजार बुधवारी आणि शनिवारी मोठा भरतो आणि तेथे पपई, छोटी आंबटगोड केळी, नीरफणस, फणस, अळू असे सगळे कोकणातल्या परसात असावे तसे मांडलेले असते.

अन्न रात्री आणि दिवसाही गाडीत किंवा झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवावे. उसाच्या मळ्यांतील उंदीर मारण्यासाठी १८८३ मध्ये येथे मुंगूस आणले गेले, त्यांचे मूळ भारतातलेच. ते भरदिवसा येतात आणि उघडी पिशवी काही क्षणांत रिकामी करतात. गाडीत मात्र पासपोर्ट, पैसे, कॅमेरा ठेवून किनाऱ्यावर जाऊ नये, भाड्याच्या गाड्या फोडण्याचे प्रकार तेथे घडतात.

सुरक्षेविषयी तुम्ही विचारलेत, तर भीती बाळगण्याचे कारण नाही, पण काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. ओढ्यांचे किंवा झऱ्यांचे पाणी मुलांना पिऊ देऊ नये, आणि अंगावर जखम असताना गोड्या पाण्यात उतरू देऊ नये, कारण लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. या बेटावर, विशेषतः हिलो आणि त्याला लागून असलेल्या पुना जिल्ह्याच्या बाजूला, गोगलगाईंमधून पसरणारा एक कृमी मेंदूपर्यंत पोहोचून गंभीर आजार करतो, म्हणून कोथिंबीर, लेट्यूससारखा कच्चा पाला एकेक पान वाहत्या पाण्याखाली पाहून धुवावा, किंवा सरळ शिजवूनच खावा, आम्ही शिजवतो. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर १ जानेवारी २०२१ पासून तेथे बंदी आहे, म्हणून घरूनच झिंक ऑक्साइडचे न्यावे. पुनालुउच्या काळ्या वाळूवर समुद्री कासवे ऊन खात पडलेली असतात. त्यांच्यापासून निदान तीन मीटर दूर राहावे आणि ती वाळू बाटलीत भरून आणू नये.

महिन्याच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी सकाळी ११:४५ वाजता सगळ्या बेटांवर त्सुनामीसारख्या धोक्याचा इशारा देणाऱ्या भोंग्यांची चाचणी होते, तेव्हा घाबरू नये. इतर वेळी भोंगा वाजला किंवा जोराचा भूकंप जाणवला, तर सामान तिथेच टाकून तडक उंचावर जावे. हिलोच्या उत्तरेला लौपाहोएहोए येथे १ एप्रिल १९४६ च्या त्सुनामीत शाळेतील मुले आणि शिक्षक वाहून गेले. तेथे त्यांचे स्मारक आहे, आणि मुलांना ते दाखवून हा नियम समजावला की वेगळे काही सांगावे लागत नाही. वाइपिओ खोऱ्यात उतरणारा रस्ता फेब्रुवारी २०२२ पासून पाहुण्यांसाठी बंद आहे, तेव्हा ते वरूनच पाहावे. मौना केआच्या ४,२०५ मीटर उंच शिखरावर १३ वर्षांखालील मुलांना नेऊ नये असा तेथील सल्ला आहे; सुमारे २,८०० मीटरवरच्या माहिती केंद्रापर्यंत जाऊन संध्याकाळ पाहणे तुम्हाला पुरेसे होईल.

परत येताना सामानाची पुन्हा तपासणी होते. अननस आणि नारळ आणता येतात, आंबा आणि पेरू आणता येत नाहीत.

आरक्षणाचा क्रम मात्र नेहमीच्या उलट ठेवा. आधी स्पेन्सरच्या आणि राष्ट्रीय उद्यानाच्या जागा कोणत्या तारखांना मोकळ्या आहेत आणि त्या काळात ती ठिकाणे दुरुस्तीसाठी बंद तर नाहीत ना, हे अधिकृत संकेतस्थळांवर पाहा, मग रद्द करता येईल अशी गाडी ठरवा, आणि त्यानंतरच विमानाची तिकिटे काढा; जूनमधल्या जागा लवकर भरतात, आणि तिकिटे हातात असूनही तंबूला जागा नसेल तर हॉटेलशिवाय पर्याय उरत नाही.