मुलगा शहरात कमावतो म्हणून आईला श्रावणबाळ योजनेचे पैसे मिळत नाहीत का?

आपल्या शेजारच्या 68 वर्षांच्या विधवा आजींचा श्रावणबाळ योजनेचा, म्हणजे निराधार वृद्धांना राज्याकडून दरमहा मिळणाऱ्या निवृत्तीवेतनाचा, अर्ज "तुमचा मुलगा कमावता आहे" एवढे सांगून खिडकीवरूनच परत पाठवण्यात आला आणि आता पुढे काय करावे, असे आपण विचारले आहे. निराधार वृद्धांचे अर्ज भरून देण्याचे काम मी आमच्या तालुक्यात काही वर्षे करते आहे. त्या अनुभवावरून माझा पहिला आग्रह असा की, तोंडी नकार घेऊन आजींनी मुळीच परतू नये. अर्ज पुन्हा द्यावा, प्रतीवर तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी, आणि नकार द्यायचाच असेल तर तो कारणासह लेखी मागावा, कारण दाद लेखी आदेशाविरुद्धच नीट मागता येते. महिनाभर काहीच कळले नाही, तर अर्जाचे काय झाले हे माहितीच्या अधिकारात विचारावे. त्याचे शुल्क 10 रुपये आहे आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाही.

खरी अडचण उत्पन्नाच्या दाखल्याची आहे. योजनेची अट कुटुंबाच्या वार्षिक 21,000 रुपयांची, म्हणजे दिवसाला 58 रुपयांहूनही कमी. मुलाचे नाव अजून आईच्याच शिधापत्रिकेवर असेल, तर त्याची कमाई आईच्या नावावर धरली जाते, मग तो चार वर्षांत घराकडे फिरकलेला नसला तरी. तो खरोखर वेगळा राहत असेल, तर आधी शिधापत्रिका विभक्त करून घ्यावी आणि तलाठ्याच्या चौकशीच्या वेळी आजी एकट्या राहतात हे सांगणारे दोन शेजारी हजर ठेवावेत. पैसे घेऊन खोटा दाखला काढून देणाऱ्या दलालाच्या नादी मात्र लागू नये. चौकशीत तो दाखला खोटा ठरला की अडचणीत आजीच येतात.

मुलाकडून निर्वाह खर्च मिळवण्यासाठी 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. प्रांत कार्यालयातील न्यायाधिकरण वकिलाशिवाय अर्ज ऐकते आणि दरमहा 10,000 रुपयांपर्यंत आदेश देऊ शकते. एका आजींना मी हा मार्ग समजावून सांगितला, तेव्हा त्यांनी तो कागद चार घड्या घालून कमरेच्या पिशवीत ठेवला आणि "लेकराला साहेबापुढं उभं करू व्हय?" एवढेच म्हणाल्या. त्यांना मी पुन्हा आग्रह केला नाही. जी कमाई आईच्या हाती कधी पडत नाही, ती तिच्या उत्पन्नात धरायची आणि मिळवायची असेल तर पोटच्या पोराविरुद्ध जा म्हणायचे, हा या नियमातला अन्याय आहे. म्हणून पात्रता ठरवताना वृद्ध व्यक्तीचे स्वतःचे उत्पन्न पाहावे, अशी मागणी ग्रामसभेच्या ठरावातून आणि आमदारांना दिलेल्या निवेदनातून सतत होत राहिली पाहिजे. कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव आणि सामाजिक कार्यकर्त्या अरुणा रॉय यांच्या पुढाकारातील पेन्शन परिषदेने तर सर्वांसाठी वृद्धापकाळ निवृत्तीवेतन मागितले. या निवृत्तीवेतनातला केंद्र सरकारचा 60 ते 79 वयोगटासाठीचा वाटा आजही महिना 200 रुपयेच आहे. राज्याने जुलै 2023 पासून एकूण रक्कम 1,500 केली म्हणून निदान औषधांचा खर्च तरी भागतो.

अर्ज मंजूर झाला तरी बँकेचे खाते आधारशी जोडलेले नसेल, तर पैसे अडकतात, म्हणून ते आत्ताच तपासून घ्यावे. खुरपणी, भांडी करून आजींच्या बोटांचे ठसे झिजले असतील आणि यंत्रावर उमटत नसतील, तर आधार केंद्रात बुबुळांची नोंद अद्ययावत करून घ्यावी. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्यासाठी त्यांच्यासोबत कोणीतरी जावे. आपण शेजारीच आहात, तर ते काम आपणच अंगावर घ्यावे, अशी माझी विनंती आहे.