नेव्हीतून सुटून घरी येतोयस ना, मग हे ऐक
भावा, 15 वर्षं भरली, पेन्शन बसली, आता सासवडला निवांत बसणार म्हणतोस, पण आधी कागदं बघ. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) यांच्या चार-चार झेरॉक्स काढ, वहिनींचं नाव आधारवर आणि सर्व्हिस रेकॉर्डला अगदी सारखं आहे ना ते बघ, आमच्या हिच्या नावात एक अक्षर जास्त होतं तर दिवे घाट उतरून पुण्याला सात खेपा झाल्या, पेट्रोल वेगळंच. स्पर्शवर, म्हणजे फौजेच्या पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर, दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा, नाहीतर पेन्शन अडकते. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या उपचाराच्या योजनेच्या कार्डाचं लगेच बघ. आणि घरात ऑर्डरी सोडू नको रे, मी पहिल्याच आठवड्यात पोरांना पहाटे पाचला उठवलं, तर आई म्हणाली, हे जहाज नाहीये, चहा घे नि गप पड.