हार्ट फेल्युअर आणि फोन: ‘बरं आहे’ ऐकून फोन ठेवू नका

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील ७४ वर्षांचे, गाव कराडजवळ, हार्ट फेल्युअर (म्हणजे हृदयाची रक्त पंप करायची ताकद कमी पडणं) आणि मधुमेह, सहा महिन्यांत तीनदा ॲडमिट. तुम्ही बंगळुरूला. हॉस्पिटलने पैसे घेऊन फोनवरून देखरेख ठेवायची सेवा देऊ केली आहे, ती घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

मी नर्स होते. नोकरीची शेवटची नऊ वर्षं डिस्चार्ज मिळून घरी गेलेल्या हृदयविकाराच्या पेशंटना फोन करायचं काम माझ्याकडे होतं. त्या जोरावर सांगते, पैसे भरण्याआधी त्यांना दोन गोष्टी विचारा. फोन कोण करणार? आणि बिघाड कळला तर त्याच दिवशी गोळीचा डोस कोण बदलणार? उत्तर ‘सिस्टिमवरून कॉल येईल, आकडे दाबायचे’ असं आलं, तर घेऊ नका.

हे मी मनाचं सांगत नाही. अमेरिकेत १६५३ पेशंटवर असा प्रयोग झाला, २०१० मध्ये त्याचा निकाल छापून आला. पेशंटने रोज एका नंबरला फोन लावायचा, यंत्राच्या प्रश्नांना बटणं दाबून उत्तरं द्यायची, वजन सांगायचं. पुन्हा ॲडमिट होण्यात किंवा मृत्यूत काहीच फरक पडला नाही. ज्यांना ती सेवा दिली, त्यांतल्या दर सातातल्या एकाने तर ती एकदाही वापरली नव्हती. त्याच्या पाच वर्षं आधी अर्जेंटिनात १५१८ पेशंटवर झालेल्या प्रयोगाचा निकाल आला. त्यातल्या साधारण निम्म्यांना प्रशिक्षित नर्सेसनी स्वतः फोन केले. लघवीच्या गोळीचा, म्हणजे अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढणाऱ्या गोळीचा, डोस बदलायची मुभा नर्सला दिलेली. फोन न केलेल्यांच्या तुलनेत त्यांचं हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट होणं २९ टक्क्यांनी कमी झालं. फोन दोन्हीकडे होता, पण एकीकडे पलीकडे माणूस होतं आणि त्याच्या हातात काहीतरी होतं.

आता हा आजार फोनवर का पकडता येतो ते समजून घ्या, म्हणजे सेवा घेतली नाही तरी तुम्हाला स्वतःला करता येईल. वडिलांचा दम एका रात्रीत वाढलेला दिसतो, पण पाणी त्याआधी बरेच दिवस अंगात साठत असतं. ते पहिल्यांदा दिसतं वजनात. सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, तेच कपडे, तोच काटा, आणि काटा गादीवर किंवा सतरंजीवर नाही, फरशीवर. डिस्चार्जच्या वेळी अंगावर सूज नसेल तर तेव्हाचं वजन हे मूळ वजन धरायचं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजचं वजन त्या-त्या तारखेच्या चौकोनात लिहायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर पायावर सूज दिसो न दिसो, डॉक्टरला त्याच दिवशी फोन. तीन दिवसांत कुणी दोन किलो चरबीने वाढत नाही, ते पाणीच असतं.

‘कसे आहात?’ हा प्रश्न फोनवर विचारूच नका. आपल्या वडील माणसांचं उत्तर ठरलेलं, ‘बरं आहे, तू जेवलास का?’ माझे एक काका होते, म्हणजे पेशंटच, पण नऊ महिने फोन केल्यावर काकाच झाले. रोज ‘उत्तम’ म्हणायचे. एकदा मी सहज विचारलं, रात्री झोपलात कुठे? तर म्हणाले, आरामखुर्चीत, पलंगावर उकडतं. जानेवारी महिना होता. उकडत कुठलं, आडवं झालं की त्यांना धाप लागत होती आणि ते त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या दुपारी डॉक्टरांनी गोळी वाढवली, चार दिवसांत वजन उतरलं, काका पुन्हा पलंगावर. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला विचारत आले: किती उशा घेतल्या? चपलेचा पट्टा घट्ट होतोय का? संडासपर्यंत जाताना मध्ये थांबावं लागलं का? आणि ऐकत राहा. एरवी एका दमात बोलणारा माणूस तीन शब्दांवर श्वास घ्यायला थांबतो, हे फोनवर स्पष्ट ऐकू येतं. त्यासाठी फोन आईने नाही, त्यांनीच धरायला हवा.

तीनदा ॲडमिट झालेत म्हणजे कारण प्रत्येक वेळी साधारण तेच असणार, ते शोधा. बहुतेक वेळा मीठ, चुकलेली गोळी किंवा दुखण्याची गोळी. मिठाचं विचारताना ‘कमी खाता ना?’ म्हणू नका. लोणचं, पापड, खर्डा, सुकट, फरसाण यांची नावं घेऊन विचारा. सैंधव चालतं असा समज घरोघरी आहे, तेही मीठच. पित्तावर घेतात ते फसफसणारं इनो, त्यातही सोडियम आहे. आणि दुकानात मिळणारं ‘लो सोडियम’ मीठ डॉक्टरला न विचारता आणू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि या आजाराच्या काही गोळ्यांनी ते आधीच वाढतं. गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणून खाणारे मी मोजायचं सोडून दिलं होतं. या गोळ्यांनी पाणी अंगात धरून राहतं, लघवीची गोळी हवी तशी काम करत नाही, मूत्रपिंडालाही झळ बसते. घरातले सगळे डबे, पाकिटं ताटात ओतायला सांगा आणि व्हिडिओ कॉलवर एकेक बघा.

एक सावधगिरी मात्र बाळगा. जुलाब, उलट्या किंवा जेवण बंद असताना लघवीची गोळी तशीच चालू ठेवली तर माणूस कोरडा पडतो, चक्कर येते. त्या दिवशीही डॉक्टरला फोन करायचा. बसल्या जागी दम, छातीत दुखणं, गुलाबी फेस येणारा खोकला, ओठ काळेनिळे पडणं, शुद्ध हरपणं, यातलं काहीही असेल तर फोनवर चर्चा करत बसायचं नाही, १०८. ॲडमिट होणं टाळता यावं म्हणून हे सगळं, पण गरज असताना घरी थांबवणं हा मोठा गुन्हा. ‘उद्या बघू’ म्हणत एक रात्र काढलेली घरं मी पाहिली आहेत.

आता तुमच्या डॉक्टरांशी बोला. मार्च २०२० मध्ये केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासल्यापासून सहा महिन्यांच्या आत, त्याच आजारासाठी ते फोनवर सल्ला देऊ शकतात, औषधात भर घालू शकतात. त्यामुळे ‘फोनवर सांगता येत नाही’ हे ऐकून परत येऊ नका. पुढच्या तपासणीला तुम्ही स्वतः हजर राहा आणि केसपेपरवर लिहून मागा: मूळ वजन इतकं, इतकं वाढलं तर ही गोळी इतकी, इतके दिवस, तरी उतरलं नाही तर या नंबरवर. तो कागद आईकडे आणि त्याचा फोटो तुमच्याकडे.

डिस्चार्जनंतरचे पहिले दोन-तीन आठवडे सर्वांत कच्चे असतात, तेव्हा रोज फोन करा, ठरलेल्या वेळी. नंतर आठवड्यातून दोनदा चालेल, वजन मात्र रोजच. वजनकाटा डिजिटल घ्या, आकडे मोठे दिसणारा. डिस्चार्जच्या वेळचं वजन किती होतं ते इथे लिहा, आणि गोळ्यांची नावंही, मग पुढचं सांगते.